साक्षीचा कोळसा

पाऊस त्या वर्षी दोनदा आला आणि दोन्ही वेळा घाईतल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरूनच परत फिरला. नदी आटली, आणि तळातले गोटे वर यावेत तशी गावातली जुनी भांडणं वर आली. त्यातलं सगळ्यात जुनं भांडण झऱ्याचं.

झरा म्हणजे काही मोठा प्रकार नव्हता. कपारीतून करंगळीएवढी धार आणि खाली एक खळगा. पण ती धार कधी आटत नसे. तिच्या एका अंगाला बागमालकाची लिंबाची बाग, दुसऱ्या अंगाला आक्काचा कांद्याचा तुकडा, आणि मध्ये हद्दीचा दगड. दगड उभा होता तिथून पाहिलं तर झरा मालकाचा. आक्का आठ वर्षं सांगत होती की दगड खोटं बोलतोय. नवरा गेलेली, मूल नसलेली बाई. तिचं कोण ऐकणार? लोक म्हणत, आक्काला दगडाशी भांडायची खोड लागलीय. ती दोन घागरी घेऊन नदीच्या डोहाला जाई आणि कांदे जगवी. या वर्षी डोहही संपला. तेव्हा तिने मोजणीच्या कचेरीच्या पायरीवर ठाण मांडलं, आणि ती काही केल्या उठेना म्हणून साहेबांनी मोजणीचा दिवस ठरवून दिला. बुधवार.

शनिवारी बागमालक मिस्त्रीच्या शेडमध्ये आला.

मिस्त्री दगडाचा माणूस. बाप पाथरवट, आजा पाथरवट. डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत, उजवा गुडघा खाणीत दरड कोसळली तेव्हापासून वाकत नाही, आणि थंडीत खोकला आला की छातीतून खडी चाळल्यासारखा आवाज येतो. खाणीच्या तोंडाशी त्याची पत्र्याची शेड होती. आठवडाभर तिथे छिन्नी चाले आणि रविवारी सकाळी दगडाची कच झाडून त्याच शेडमध्ये अकरा घरांची प्रार्थना होई. शेड मालकाची होती. खाणही मालकाचीच होती. प्रार्थनेला त्याने कधी हरकत घेतली नव्हती. ज्याचं छप्पर आपलं, तो माणूसही थोडा आपलाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मालक आला आणि नेमका कोनशिलेवर बसला. प्रार्थनाघराला जागा नव्हती, पण मिस्त्रीने त्याची कोनशिला दोन वर्षांपूर्वीच घडवून ठेवली होती, वर छोटा क्रूस कोरून. बायको त्याला चिडवायची, बाळाचा पत्ता नाही आणि तुम्ही टोपडं शिवून बसलात.

"रस्त्याकडची पडीक जागा तुमच्या मंडळीला द्यायचं मनात आहे," मालक म्हणाला. "रीतसर कागद करून. दगड खाणीतून न्या, लागेल तेवढा."

मिस्त्रीची छिन्नी थांबली. मालक हात देतो तेव्हा आधी बोटं मोजून घ्यावीत, असं गावात म्हणत.

"बुधवारी मोजणी आहे," मालक पुढे म्हणाला. "मोजणीदार दगड उपटून खाली कोळसा बघणार म्हणतात. ही काय भानगड आहे?"

"हद्दीचा दगड बसवताना खाली कोळसा आणि खापराचे तुकडे पुरतात, मालक. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. कोळसा शंभर वर्षं होता तसा राहतो. उद्या दगड पडला, चोरीला गेला, तरी जागा सापडते. साक्षीचा कोळसा म्हणतात त्याला."

"मग तू बसवलास तेव्हा घातलास का?"

"नाही."

"का रे?"

मिस्त्रीने छिन्नीची धार बोटाने चाचपली. मालकाला उत्तराची गरज नव्हती.

"मग आता घाल. मूठभर कोळसा आणि मोजणीदारापुढे एक वाक्य. म्हणायचं, माझ्या बापाने बसवलेला दगड आहे, जागचा हललेला नाही. बस. तुझा शब्द गावात कोणी खाली पडू देत नाही. तू आता देवाचा माणूस आहेस." मालक उठला, धोतराला लागलेली कच झटकली आणि दारात थांबून म्हणाला, "आणि नाहीच जमलं, तर ही शेड मला लागेल. लिंबाच्या पेट्या ठेवायला जागा कमी पडतेय."

मालकाला दगडाचा भाव कळे, दगडाखालचं काही कळत नसे. जुन्या जागी काय राहिलं, हे त्याने विचारलंच नाही.

जुन्या जागी काय होतं ते मिस्त्रीला पाठ होतं. तो दगड त्याच्या बापाने वीस वर्षांपूर्वी बसवला. मिस्त्रीचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. नवी सून चुलीतला कोळसा मडक्यात घालून शेतावर घेऊन आली आणि खडकाला ठेचकाळून पडली. मडकं फुटलं. बिचारी रडवेली झाली. सासरा हसून म्हणाला, "रडतेस कशाला? खापर लागणारच होतं. घाल सगळं खाली. पोरा, ध्यानात ठेव, दगड कुणीही हलवेल. कोळसा कुणी हलवत नाही, कारण तो दिसत नाही."

बाप गेला. मिस्त्रीला बाटली लागली. आणि आठ वर्षांपूर्वी एका पहाटे, डोळ्यांत रात्रीची दारू तशीच, त्याने मालकाच्या सांगण्यावरून तो दगड पहारीने उचकटला, मालकाचे बैल जुंपून बेचाळीस पावलं आक्काच्या अंगाला ओढला आणि पुन्हा उभा केला. झरा अलगद मालकाच्या बाजूला गेला. जुन्या जागेवर मालकाने लिंबं लावली. कोळसा मात्र मिस्त्रीने उकरला नाही आणि नव्या जागी दुसराही घातला नाही. घाई होती, असं तो स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे डोक्याला लाज उरली नव्हती, ती हाताला होती.

वर्षभराने तो बायकोमागून प्रार्थनेला जाऊ लागला, बाटली सुटली, बाप्तिस्मा झाला. मंडळीपुढे उभं राहून त्याने साक्ष दिली. दारूचं सांगितलं, बायकोवर हात उचलल्याचं सांगितलं, बापाची अवजारं विकून प्याल्याचं सांगितलं. लोक रडले. दारूची साक्ष सगळ्यांनाच आवडते. दगडाचं त्याने सांगितलं नाही. उद्या सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणता म्हणता सात वर्षं गेली, आणि गावात तो खरं बोलणारा माणूस म्हणून प्रसिद्ध झाला.

रविवारी प्रार्थना चालवणारे पाळकसाहेब शेडमध्ये उभे राहिले तेच मुळी तोंडभर हसत. मालकाने त्यांना परस्पर गाठलं होतं. "देवाने आपली प्रार्थना ऐकली," त्यांनी सांगितलं. "रस्त्याकडची जागा आपल्याला मिळते आहे." म्हाताऱ्या शिंपीणबाई ओक्साबोक्शी रडल्या. पंक्चरवाल्याने पत्रे देतो म्हणून हात वर केला. सगळे कोनशिलेभोवती जमले आणि एकेकाने तिच्यावरून हात फिरवला. मिस्त्री मागच्या पत्र्याला टेकून उभा होता. गाणं सुरू झालं तेव्हा त्याने नुसते ओठ हलवले. बायकोने ते पाहिलं.

"घशाला काय झालं?" घरी आल्यावर तिने विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. उभ्यानेच, भिंतीकडे तोंड करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायको भांडी घासत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण एकच पातेलं ती बराच वेळ घासत राहिली.

"ती बाई रोज आपल्या दारावरून जाते," शेवटी ती म्हणाली. "घागरी डोक्यावर घेऊन. मी तिला म्हणते, आक्का, दमलात, बसा जरा. आणि तुम्ही आत बसून ऐकता."

"हो."

"सात वर्षं मी तुमच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेतलं."

"हो."

यानंतर ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. तिने ओरडायला हवं होतं. ओरडणारी बायको परवडते. गप्प बायकोपुढे माणसाला स्वतःचंच ऐकत बसावं लागतं.

सोमवारी तो पाळकसाहेबांकडे गेला. साहेब चांगले गृहस्थ होते. सायकलवरून तीन गावं फिरत, मेलेल्याला खांदा देत, कुणाकडून काही घेत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"मिस्त्रीभाऊ, तुम्ही पश्चात्ताप केलात. देवाने क्षमा केली. तो हिशोब मिटला."

"आक्काचा कुठे मिटलाय, साहेब?"

"कोळसा पुरू नका. खोटंही बोलू नका. ते मी सांगणार नाही." साहेबांनी चष्मा पुन्हा काढला. "पण बुधवारी तुम्ही गावात असलंच पाहिजे, असं कुठे आहे? दोन दिवस सासुरवाडीला जाऊन या. दगडाखाली काही निघालं नाही तर मोजणीदार काय लिहायचं ते लिहील. तुमच्या तोंडून खोटं जाणार नाही, आणि अकरा घरांचं छप्परही जाणार नाही. म्हातारी माणसं आहेत हो. शिंपीणबाईंना मरायच्या आधी एकदा प्रार्थनाघरात बसायचंय."

हे बोलताना साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मिस्त्रीला त्यांचा राग आला नाही, हेच वाईट. सल्ला गोड लागला. घरी येऊन त्याने तो बायकोला सांगितला. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"सासुरवाडी तुमची असली तरी माहेर माझं आहे," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या घरी लपायला चोर नेणार नाही मी."

"मग करू काय?"

तिने चुलीपुढची टोपली उचलली, त्यात विझलेले कोळसे भरले आणि त्याच्यापुढे ठेवली. "हा घ्या कोळसा. टाकायचाय तर टाका. पण पळून जाऊ नका. जे कराल ते इथे राहून करा, म्हणजे मला कळेल तरी की मी कोणाबरोबर राहते."

मंगळवारी पहाटे तो टोपली आणि पहार घेऊन निघाला. कोळसा टाकायचा ठरवून निघाला होता की नाही, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पाय चालले म्हणून तो गेला. दगड होता तसाच, कमरेएवढा, मालकाच्या बाजूने चुना फासलेला. त्याने पहार बुडाशी घातली आणि जोर दिला. दगड किंचित उचलला गेला. खाली मुंग्या, वाळलेली मुळं आणि आठ वर्षांचा अंधार. मूठभर कोळसा आत जायला एवढी फट पुरेशी होती. एका हाताने पहार दाबून धरत त्याने दुसरा हात टोपलीत घातला. शिंपीणबाईंचं रडणं त्याला आठवलं. एक मूठ, आणि सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर.

"कोण, मिस्त्री का?"

आक्का. डोक्यावर एक घागर, कमरेवर दुसरी, दोन्ही रिकाम्या. डोह संपल्यापासून ती पलीकडच्या गावच्या विहिरीवर जाऊ लागली होती आणि त्यासाठी उजाडायच्या आत निघायची. तिने दगड पाहिला, पहार पाहिली. टोपली त्याच्या पायाआड होती, तिचा काठ तेवढा दिसत होता.

"उद्यासाठी बघून ठेवतोयस ना? बघ बाबा, नीट बघ. तू आहेस म्हणून मला धीर आहे. बाकीचे सगळे त्याचे मिंधे. तुझं तसं नाही. तू देवाला भितोस." आणि ती गेली. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत माती बसली होती.

मिस्त्रीने पहार सोडली. दगड धपकन खाली बसला. तो तिथेच मातीत बसला आणि रडला, चांगला हुंदके देऊन रडला. मग उठला, टोपली उचलली आणि कोळसा जसाच्या तसा घरी आणला. बायकोने टोपलीत डोकावून पाहिलं, तो चुलीत घातला आणि त्यावर चहा ठेवला.

बुधवारी सकाळी सगळं गाव झऱ्यावर होतं. पाणी नसलं की लोकांना वेळ फार असतो. मोजणीदार छत्री लावून उभा होता. बारकासा, घामेजलेला माणूस. त्याच्या हातातल्या जुन्या नकाशाला वाळवीने नेमकं झऱ्याच्याच जागी भोक पाडलेलं. मालक खुर्चीवर. पाळकसाहेब गर्दीच्या कडेला, सायकल धरून. आक्का एकटीच बांधावर बसलेली.

चौघांनी दगड आडवा केला. मोजणीदाराने खाली वाकून माती चाळवली. तो पाहत राहिला. मालकही वाकून पाहत राहिला, आणि मग त्याने मान वर करून मिस्त्रीकडे पाहिलं.

"कोळसा नाही," मोजणीदार म्हणाला.

"जुनी गोष्ट आहे, साहेब, विरघळला असेल," मालक म्हणाला. "हे मिस्त्री आहेत ना. यांच्या बापाने बसवलाय. विचारा."

"शपथेवर सांगा," मोजणीदाराने वही उघडली.

"शपथ नको, साहेब. नुसतं बोलतो, ते लिहा," मिस्त्री म्हणाला. "इथे काही सापडणार नाही. हा दगड इथे बापाने बसवलेला नाही. मी बसवलाय. आठ वर्षांपूर्वी, मालकांच्या सांगण्यावरून, पिऊन. बापाने बसवला होता तो तिकडे, लिंबांत."

गर्दीत कोणीतरी खोकलं. आक्का उठून उभी राहिली.

"मिस्त्री," मालक शांतपणे म्हणाला, "शेड."

"घ्या."

"खाण."

"तीही घ्या, मालक. तुमचीच आहे. जीभ माझी आहे."

मोजणीदाराने लिहिणं थांबवलं. "तुम्ही गुन्हा कबूल करताय, कळतंय ना? नुसत्या बोलण्याने हद्द ठरत नाही. पुरावा?"

"दाखवतो."

मिस्त्रीने दगडाच्या खड्ड्याकडे पाठ केली आणि पावलं मोजत निघाला. झरा ओलांडला, बागेत शिरला. बेचाळिसाव्या पावलाला थांबून त्याने कुदळ मारली. जमीन विटेसारखी वाजली. त्याने हातभर खणलं, दोन हात खणलं. गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो एक पाय लांब पसरून, तिरका होऊन खणत होता. माती आली, मुळं आली, खडे आले. कोळसा येईना. लोक आधी गप्प होते, मग कुजबुजले, मग कोणीतरी हसलं.

"प्यायलाय पुन्हा," मालक म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. "देवाचा माणूस."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मिस्त्रीच्या तळहाताचा फोड फुटला आणि कुदळीचा दांडा निसरडा झाला. एवढं बोलून आता हाती काहीच लागलं नाही तर? मग आपण खोटेही ठरू आणि छप्परही जाईल. देवा, असा चेष्टेचा विषय करू नकोस, तो मनात म्हणाला, आणि लगेच म्हणाला, कर हवं तर. मी खणणार.

गर्दीतून बायको आली. तिच्या हातात घरची दुसरी कुदळ होती.

"कसं मोजलंत?"

"पावलांनी. बेचाळीस."

"कोणाच्या पावलांनी?" ती म्हणाली. "तेव्हा तुमचा गुडघा धड होता. घोड्यासारख्या ढांगा टाकायचात. हे लंगडं बेचाळीस धरून कसं चालेल?" ती त्याच्या पुढे गेली, पाच-सहा पावलांवर थांबली आणि जमिनीत अर्धा बुडालेला एक काळा खडक तिने पायाने चाचपला. "हा बघा. याच्यावर आपटले मी. अजून नडगीला खूण आहे." आणि त्याच्या शेजारी, दोन लिंबांच्या मध्ये, तिने कुदळ घातली.

दोघं खणू लागली. तिची कुदळ वर गेली की त्याची खाली येई. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती खाणीत अशीच जोडीने राबायची. गर्दीतला आवाज हळूहळू बंद पडला. दीड हातावर तिची कुदळ कशाला तरी लागून खणखणली. तिने वाकून हात घातला आणि मातीने माखलेलं खापर बाहेर काढलं. पाठोपाठ दुसरं निघालं, मडक्याच्या काठाचं. मिस्त्री पालथा पडून खड्ड्यात खांद्यापर्यंत गेला आणि मूठ वर काढून मोजणीदारापुढे उघडली.

कोळसा. काळाभोर, हलका, काल विझल्यासारखा.

मोजणीदाराने तो बोटांनी चुरडून पाहिला, वास घेतला आणि वही गुडघ्यावर ठेवून लिहायला लागला. जबाबाखाली अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा तो शाईचा डबा शोधू लागला. "राहू द्या, साहेब," मिस्त्री म्हणाला आणि काळा अंगठा कागदावर दाबला.

मालक उठला. खुर्ची उचलणाऱ्या गड्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेडला आत्ताच्या आत्ता कुलूप घाल. आतलं काही बाहेर जाता कामा नये." मग मिस्त्रीकडे वळला. "रविवारी कुठे बसवशील रे तुझ्या देवाला?"

मिस्त्रीच्या आधी बायकोच बोलली. "रस्त्यावर बसू. तुमच्या दारासमोरचा बरा आहे, रुंद आहे. आम्ही गातो जरा मोठ्याने, तेवढं सांभाळून घ्या."

दगड जुन्या जागी आणायचा होता. मालकाच्या धाकाने कोणी हात लावेना. मिस्त्री आणि बायकोने खाली ओंडके घातले आणि पहारीने रेटायला सुरुवात केली. दगड हातभर सरके आणि थांबे. तेवढ्यात पाळकसाहेबांनी सायकल झाडाला टेकवली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि दगडाला खांदा लावला.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, मिस्त्रीभाऊ," ते धापा टाकत म्हणाले. "रविवारी मंडळीपुढे हे सांगणार आहे."

"सांगा, साहेब. आधी ढकला."

दगड उभा राहिला तेव्हा ऊन कलत होतं. कोळसा आणि खापरं पुन्हा खाली गेली, मोजणीदाराने समक्ष घातली. लोक पांगले. मिस्त्री आक्कासमोर जाऊन उभा राहिला.

"आक्का, मला माफ करा."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. काल पहाटे पाहिलं होतं तसं नाही.

"किती वेळ लागला होता रे तुला दगड हलवायला?"

"एक पहाट."

"मला आठ वर्षं लागली," ती म्हणाली. "माझी मान बघ. डावीकडे वळत नाही. माफी तुझ्या देवाकडे माग, तो देतो म्हणतात. मी नाही देत. निदान आज नाही."

"बरोबर आहे."

"काल पहाटे टोपलीत काय होतं?"

हे नाही सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. टोपलीतलं कुणी पाहिलं नव्हतं, कुठे लिहिलं जाणार नव्हतं.

"कोळसा होता," मिस्त्री म्हणाला. "खोट्या जागी पुरायला आणला होता."

आक्काने बांधावरच्या दोन्ही घागरी उचलल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या.

"कांदे कालपासून कोरडे आहेत," ती म्हणाली.

मिस्त्रीने घागरी उचलल्या आणि झऱ्यावर गेला. करंगळीएवढ्या धारेखाली घागर भरायला वेळ लागतो. बागेच्या फाटकाशी मालक उभा राहून बघत होता. मिस्त्रीने त्याच्यादेखत पहिली भरली, दुसरी भरली, एक खांद्यावर आणि एक हातात घेतली आणि ताठ पाय ओढत निघाला. पाणी हिंदकळून त्याच्या पाठीवर सांडलं.

"सांडू नकोस," आक्का मागून म्हणाली. "आणि उद्या लवकर ये."